दवबिंदू : सड्यावरची कीटकभक्षी वनस्पती

झाडपाला हा खाण्याचा विषय, खाणारा नव्हे, अशी आपली लहानपणापासूनची समजूत असते. सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर पावसाळ्यात उगवणारी दवबिंदू ही इवलीशी वनस्पती तिला तडा देते.

तिचे शास्त्रीय नाव ड्रॉसेरा. ‘दवाने भिजलेला’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले; म्हणजे ग्रीकांना आणि मराठी माणसाला एकच गोष्ट दिसली म्हणावयाची! पानावर तांबूस केस असतात व प्रत्येक केसाच्या टोकाशी चिकट द्रवाचा थेंब चमकतो. खरे दव उन्हाने उडून जाते, हे उडत नाही. चिलट किंवा मुंगी त्यावर टेकली की अडकते. ती धडपडू लागताच शेजारचे केस तिच्यावर वाकतात, पाचक रस पाझरतो आणि काही दिवसांनी नुसते टरफल उरते. कासला हिच्या दोन जाती आढळतात. एक उभी, दोऱ्यासारख्या पानांची. दुसरी जमिनीला बिलगलेली, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी. पण हिच्या कडेचे केस काही सेकंदांतच वाकतात.

हिला ‘मांसाहारी’ म्हणण्याची पद्धत आहे. ती थोडी फसवी वाटते. दवबिंदूची पाने इतर झाडांप्रमाणेच सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात. कीटकांपासून तिला मिळतो तो मुख्यतः नत्र आणि स्फुरद. आमच्या खारबावचा शेतकरी भातासाठी युरियाची गोणी आणतो, त्याच कारणासाठी ही चिलटे धरते. कीटक हे तिचे जेवण नव्हे, खत होय. चार्ल्स डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १८७८ मध्ये त्याचा मुलगा फ्रान्सिस याने काही रोपांना मांसाचे कण दिले व काहींना उपाशी ठेवले. खाऊ घातलेल्या रोपांना दुपटीहून अधिक बिया आल्या.

खत हवे, तर ती सुपीक शेतात का जात नाही? कारण तेथे गवत तिला झाकून टाकते. तिला हवे भरपूर ऊन, पाणी आणि इतरांना न परवडणारी दरिद्री जमीन. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरच्या कासला हे सारे जुळून येते. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर, आणि पावसाच्या माऱ्याने धुऊन गेलेली पोषकद्रव्ये. तिच्या शेजारची ‘सीतेची आसवे’ हीही कीटकभक्षीच. ती पाण्यातले सूक्ष्म जीव बारीक पिशव्यांत ओढून घेते.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत कासचा समावेश झाला. कोकणातल्या अनेक सड्यांच्या वाट्याला असे कौतुक आलेले नाही. तेथे चिऱ्यांच्या खाणी निघतात, किंवा सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरची माती भरून आंब्याच्या बागा उठतात. बाग वाईट असे कोण म्हणेल? परंतु जमिनीची ही ‘सुधारणा’च दवबिंदूला मारक ठरते. पाऊस सरल्यावर ती सुकते, बिया मागे राहतात. मे महिन्यात सडा पाहणाऱ्याला काळा कातळ तेवढा दिसतो आणि तो खुशाल ‘पडीक’ म्हणून मोकळा होतो.