जळगाव की जयगाव?

धुळे, चैत्र

चि. छोटी,

तुझं पत्र परवा पोचलं. वसतिगृहात कुणी गाव विचारलं, तू ‘जयगाव’ म्हणालीस आणि खोलीभर हशा पिकला. तेव्हापासून प्रत्येक शब्द मनात तपासून मगच बोलतेस, असं लिहिलंस. वाचून मला त्या मुलींचा राग नाही आला, स्वतःची लाज वाटली.

मास्तरकीच्या दुसऱ्या वर्षी मी वर्गाला शुद्धलेखन घालत होतो. ‘केळी’ म्हटलं, तर पुढच्या बाकावरच्या पोराने ‘केयी’ लिहिलं. मी त्याला पन्नास वेळा ‘केळी’ लिहायला बसवलं. त्याने सगळं बिनचूक लिहिलं आणि उभा राहून म्हणाला, “सर, लिखी टाकं. पन्नासदाव केयी.” वर्ग हसला, मी चिडलो. त्याचा हात शाळेचा कायदा पाळत होता आणि तोंड घरचा, हे कळायला मला फार वर्षं लागली.

आता तू भाषाशास्त्र शिकते आहेस, तर पहिला प्रयोग स्वतःच्या तोंडात कर. ‘ळ’ सावकाश म्हण. जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं आणि हवा दोन्ही बाजूंनी निसटते. आता टोक टेकवूच नकोस, जिभेचा मधला भाग नुसता टाळूकडे उचल. ‘य’ निघेल. डोळा–डोया, काळा–काया, धुळे–धुये. तुझ्या आजीची जीभ एवढीच वाट बदलते. आणि ती वाटेल तिथे बदलत नाही, हे महत्त्वाचं. लसणाला आजी कधी ‘यसून’ म्हणाली आहे का? ‘ल’ला ती हात लावत नाही. अडाणीपणाने बोललेलं असतं तर कधी हे झालं असतं, कधी ते. जे ठरावीक जागी, ठरावीक रीतीने होतं, त्याला चूक म्हणत नाहीत, नियम म्हणतात.

कुणी म्हणेल, मूळचा ‘ळ’ शुद्ध, तुम्ही तो बिघडवला. त्याला विचार, हा ‘ळ’ आला कुठून? संस्कृतात ‘फल’ होतं, ‘काल’ होता. दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ‘ल’ मराठीने वळवला आणि ‘फळ’, ‘काळ’ झाले. ‘तैल’चं प्राकृतात ‘तेल्ल’ झालं होतं. तिथे ‘ल’ जोडीने होता म्हणून वाचला, आणि आपण ‘तेळ’ म्हणत नाही. म्हणजे प्रमाण मराठीनेही ‘ल’ बदलला, तोही नियमाने. खान्देशाने त्याच रस्त्यावर आणखी एक पाऊल टाकलं. फलचं फळ झालं ती प्रगती आणि फळचं फय झालं की गावंढळपणा, हा न्याय मला तरी पटत नाही.

दुसरी गोष्ट, लिपीला भाषा समजू नकोस. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून बघ. ‘च’ दोन आहेत, अक्षर एकच. म्हणजे पुस्तकी मराठीही लिहिते तशी बोलत नाही. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या गात गेल्या, घरच्यांनी टिपून ठेवलं, आणि त्यांच्या माघारी 1952 साली पुस्तक निघालं. त्यांची लेवा बोली आपल्या अहिराणीहून वेगळी, पण ‘ळ’चा ‘य’ तिथेही होतो. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने चालतं.

अहिराणी ही भाषा की बोली, यावर तावातावाने भांडू नकोस. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने 1907 साली ती ‘खान्देशी’ या नावाने, मराठीच्या खंडात न घालता, भिल्लीच्या शेजारी बसवली. इतरांनी तिला मराठीची बोली मानली. हा वाद आजीच्या ‘माले’, ‘तुले’, ‘शे’ने सुटणार नाही, पण त्या रूपांशिवाय मांडताही येणार नाही. आधी साहित्य गोळा कर. 2001च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे सुमारे 20.75 लाख नोंदले गेले, 2011ला सुमारे 18.60 लाख. माणसं घटली नाहीत, हे आपल्याला गावात दिसतंच. तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात काय सांगायचं, हे ठरवताना मनात काय चालतं, तेही कधीतरी शोध.

प्रमाण मराठी मात्र मनापासून शिक. परीक्षेत ‘जळगाव’च लिही, मुलाखतीत ‘पाणी’च म्हण. घरी आलीस की ‘पानी’ माग. अंगणात आणि कचेरीत आपण एकच चप्पल घालत नाही, तसंच हे. फक्त एकीची लाज आणि दुसरीचा तोरा नको.

आखाजीला येशीलच. झोका खेळून झाला की वही घेऊन आजीजवळ बस. तिला दुरुस्त करू नकोस आणि ‘हे कसं म्हणतेस’ असंही विचारू नकोस, नाहीतर ती लगेच शाळेसारखं बोलायला लागेल. शेताच्या, चुलीच्या, माहेरच्या गोष्टी काढ आणि ‘ळ’ असायला हवा होता असे शंभर शब्द टिप. त्यात एखादा तिने ‘ळ’सकट तसाच ठेवलेला सापडेल. तो तिने कुठून उचलला, शाळेतून, देवळातून की रेडिओवरून, ते विचारून मला कळव.

मी ज्या पोराला पन्नास ओळी लिहायला लावल्या, त्याला आता हे सांगता येत नाही. म्हणून तुला लिहिलं.

तुझा,
मामा