कारखान्याची जागा कशी निवडावी?

सहकारी साखर कारखाना काढण्याचें ठरलें म्हणजे भागीदारांत पहिला वाद जागेचा निघतो. जो तो आपल्या गांवाकडे ओढतो. त्यांत कोणी जमीन फुकट देऊं केली तर प्रश्न सुटला असें पुष्कळांस वाटतें. परंतु जमिनीचा खर्च एकदांच होतो. वाहतुकीचा खर्च दर हंगामास होतो. सबब हा निर्णय हिशेबानें करावा.

प्रथम मालाचा स्वभाव पाहावा. शंभर टन ऊंस गाळला असतां साखर सुमारें दहा-अकरा टनच निघते. शिवाय तोडलेला ऊंस वाळतो व त्यांतील साखर घटत जाते. म्हणून तो शक्य तों चोवीस तासांच्या आंत गाळावा. अर्थात् कारखाना बाजारपेठेजवळ नव्हे, तर उंसाजवळ असावा. बॉयलरला जळण चिपाडाचें मिळतें. त्यासाठीं कोळशाच्या सोयीची जागा शोधावी लागत नाहीं. अहमदनगर (हल्लींच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत लोणीजवळ १९५०-५१ च्या हंगामांत सुरू झालेला प्रवरानगरचा सहकारी कारखाना असाच उंसाच्या मुलखांत उभा राहिला. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचें पाणी कालव्यांनीं त्या भागास मिळत होतें.

आतां तुलनेची रीत. प्रत्येक बाबीस तिच्या महत्त्वाप्रमाणें भार द्यावा. सर्व भारांची बेरीज १०० असावी. समजा, उंसाचें अंतर ३५, पाणी २५, रस्ते व रेल्वे १५, सांडपाण्याची सोय १५ व जमिनीची किंमत १०. मग प्रत्येक गांवास दर बाबीसाठीं दहापैकीं गुण द्यावे. फुकट जमीन देणाऱ्या ‘अ’ गांवास या क्रमानें ५, ६, ६, ५, १० आणि ‘ब’ गांवास ९, ७, ५, ७, ४ असे गुण मिळाले. नुसती बेरीज केली तर दोन्हीं गांवें ३२ वर बरोबर येतात. पण प्रत्येक गुणास त्या बाबीच्या भारानें गुणून बेरीज केली असतां ‘अ’ ला ५९० व ‘ब’ ला ७१० येतात. फुकट जमिनीचा मोह किती महाग पडतो तें येथें दिसतें.

या रीतींत दोन गोष्टी सांभाळाव्या. भार सभेनें आधीं ठरवून लिहून ठेवावे व गांवांचीं नांवें मागाहून पुढें आणावीं. नाहींतर आवडत्या गांवासाठीं भारच बदलले जातात. दुसरें, कांहीं उणीवा इतर गुणांनीं भरून निघत नाहींत. जेथें उन्हाळ्यांत पाणी आटतें, किंवा जेथें सांडपाणी शेजाऱ्यांच्या विहिरींत उतरेल, ती जागा गुण न मोजतांच सोडून द्यावी. पाण्याची पाहणी श्रावणांत न करतां वैशाखांत करावी.

कापसाचा जिनिंग कारखाना, दूध शीतकरणाचें केंद्र किंवा कांद्याचें गोदाम काढतांनाही हीच रीत चालेल. भार मात्र त्या त्या मालाप्रमाणें बदलावे. यंत्र बिघडलें तर बदलतां येतें. चुकलेली जागा पिढ्यान् पिढ्या सोसावी लागते.