धाव आणि दान

परोपकारासाठी मनुष्य द्रव्य देतो, श्रम देतो. पण नुसते धावून कोणी परोपकार करू शकेल काय? लंडन शहरात १९८१ साली सुरू झालेल्या मॅरेथॉन शर्यतीकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. तीत धावणारे अनेक जण आप्तेष्टांकडून देणग्या गोळा करतात व त्या धर्मादाय संस्थांस अर्पण करतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी झटणाऱ्या संस्थांनाही असे साह्य मिळते.

या साह्याची गरज का, ते आपण पाहू. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यांतील बहुतेक सर्व द्रव रक्तात परत जातो. दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर पडतो. हे कार्य बंद पडले की रक्तातील त्याज्य द्रव्ये यंत्राने काढावी लागतात. हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली रुग्णांसाठी असे यंत्र सिद्ध केले.

आता एक साधा हिशेब करू. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर तोडण्यास सामान्य धावपटूला चार-पाच तास लागतात. रुग्णालाही यंत्राजवळ दर खेपेस सुमारे चार तास काढावे लागतात, आणि तेही आठवड्यातून बहुधा तीन वेळा! धावपटूची शर्यत त्याच दिवशी संपते. रुग्णाची मात्र दुसऱ्याचे मूत्रपिंड मिळेपर्यंत, पुष्कळदा जन्मभर, चालूच राहते. म्हणून आम्हांस वाटते, अशा धावेचे मोल पदकावरून ठरवू नये; रुग्णाची वाट तिने किती सुकर केली, यावरून ठरवावे.