हिरडी मोजताना दुखले, तर हात वर करा

गेल्या महिन्यात विहारातल्या दंतशिबिरात एक मावशी तपासणी अर्धी सोडून खुर्चीवरून उठल्या. तोंडाला पदर लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दात बघायचं सोडून सुईनं हिरड्या टोचल्या, रक्त काढलं." ते ऐकून रांगेतल्या आणखी चार बाया घरी गेल्या. डॉक्टर चुकीचे काही करत नव्हते. पण काय करणार हे त्यांनी सांगितले नव्हते, आणि रांग लावणाऱ्या आम्हीही सांगितले नव्हते.

ती सुई नव्हती. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली ती बारीक सळई. तिला प्रोब म्हणतात. दात आणि हिरडी यांच्यामध्ये फट असते. निरोगी हिरडीत ती 1 ते 3 मिलिमीटर खोल भरते. त्याहून जास्त भरली आणि रक्त आले, तर आत रोग असण्याचा संभव असतो. हे वरवर बघून कळत नाही. म्हणून प्रत्येक दाताभोवती 6 ठिकाणी मोजतात. 28 दात असले तर 168 वेळा! माणूस वैतागणारच.

सळईवर जोर साधारण 25 ग्रॅमचाच द्यायचा असतो. वाण्याच्या तराजूत 25 ग्रॅम जिरे ठेवावे तेवढा. निरोगी हिरडीला एवढ्याने फारसे लागत नाही. सुजलेल्या हिरडीला लागते, रक्तही येते. सूज मात्र आधीचीच असते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे त्यांचा रोग झाकून राहतो.

आता स्क्रूवर बसवलेल्या दाताचे, म्हणजे इम्प्लांटचे. आपल्या वस्तीतही काहींनी कर्ज काढून ते बसवले आहेत. खऱ्या दाताच्या मुळाला हिरडीचे तंतू घट्ट चिकटलेले असतात. टायटॅनियमच्या स्क्रूला ते तसे चिकटत नाहीत, नुसते बाजूने जातात. त्यामुळे सळई सहज खोल जाते आणि काहींना तिथे जास्त दुखते. मग लोक म्हणतात, "एवढे पैसे घातलेत, त्याला हात लावू नका." हे मात्र महागात पडते. स्क्रूला नस नसते. भोवतीचे हाड झिजत गेले तरी बहुतेकदा ठणका लागत नाही, आणि कळते तेव्हा दात हलायला लागलेला असतो.

वॉर्डात असताना आम्हीही पेशंटला "जरा सहन करा" म्हणायचो. आज तसे म्हणणार नाही. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा: काय करणार, किती वेळ लागेल? दुखले तर डावा हात वर करीन, तेव्हा थांबा, असे ठरवून घ्या. बधिर करणारे जेल लावता येते, तेही विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल किंवा साखरेचा आजार असेल, तर सळई लावण्याआधीच सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. नंतर दिवसभर हिरडी हुळहुळली तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. रक्त थांबेना किंवा सूज वाढली, तर परत दाखवा.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. जुना केसपेपर असेल तर बरोबर न्या.

मावशी आमच्याबरोबर पुन्हा गेल्या. तीनदा हात वर केला, तिन्ही वेळा डॉक्टर थांबले. मागच्या दाढेपाशी 6 मिलिमीटर निघाले. अर्धे तोंड त्या दिवशी मोजून झाले, उरलेले पुढच्या बुधवारी.