ऊन पिकवणाऱ्या पुतण्यास

बाबू, वर्ध्याच्या उन्हाला आपण जन्मभर शिव्या घातल्या. आता तेच ऊन बिल भरतं म्हटल्यावर तुलाही छतावर पॅनेल बसवायची घाई झाली. बसव. पण मी कुठं कुठं आपटलो, ते आधी ऐकून घे.

१. आधी बारा महिन्यांची बिलं मांडीवर घेऊन बस – मे महिन्यात दोन कूलर अन् डिसेंबरात पंखाही नाही. एकट्या मेवर माप घेतलं तर सदरा ढगळ होतो. १ किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळेल असं धर.

२. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला ३०,००० प्रत्येकी अन् तिसऱ्याला १८,००० मिळतात. ७८,००० झाले की अनुदान थांबलं – पाच किलोवॉट लावलेस तरी तेवढेच.

३. आता पैसे कधी फिटतात ते पाहू. समज, अनुदान वजा जाता तुझ्या खिशातून १,१०,००० गेले, महिन्याला ३०० युनिट वाचले आणि युनिट सरासरी १० रुपयांनी धरलं, तर तीन वर्षांच्या जरा वर. शेजाऱ्याचा वापर शंभरच्या आत असेल तर त्याला जास्त वेळ लागेल – महावितरणचे पहिले शंभर युनिट वरणभात, पुढचे पंचपक्वान्न. पक्वान्न वाचलं तरच पैसा लवकर फिरतो.

४. जास्तीची वीज विकून श्रीमंत व्हायचा नाद सोड – उरलेले युनिट वर्षभर खात्यात जमा राहतात, पण ३१ मार्चच्या हिशेबात त्यांना मिळणारा दर तू भरतोस त्याहून बराच कमी.

५. बिलावर नाव कोणाचं ते आजच पाहा. आपलं मीटर आजोबांच्या नावावर होतं, नि माझे दोन महिने नुसते कागद गोळा करण्यात गेले – अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात येतं, अन् आजोबा काही सही करायला येत नाहीत.

६. "आता आपल्याकडे लाईन जात नाही," असं मी पाहुण्यांना ऐटीत सांगितलं. भर दुपारी लाईन गेली, कूलर बंद, तुझी मोठी आई गालात हसत पुठ्ठ्यानं वारा घालत बसली! साधी यंत्रणा लाईनसोबत आपणहून बंद होते – खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या घरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून. लाईन गेल्यावरही वीज हवी तर बॅटरीचा खर्च वेगळा.

७. सावली डिसेंबरात पाहा – तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो, टाकी अन् कडुनिंब लांब हात पसरतात. एका फांदीची सावली, अख्ख्या रांगेचा उपास.

८. वायर पाइपातूनच ने – माकडांना खेळणं नको.

९. मेमध्ये आशेएवढे युनिट पडले नाहीत तर कोणाला दोष देऊ नको – ऊन हवं पण ताप नको, असं पॅनेलचं असतं. तापलं की मंदावतं. म्हणून खालून वारा खेळेल एवढं उंच बसव, अन् वादळाचा विचार करून पाय पक्के रोव.

१०. धूळ सकाळीच धू – तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नसतं. बोअरचं जड पाणी असेल तर लगेच पुसून घे, नाहीतर पांढरे डाग राहतात.

वर एकटा चढू नको. शिडी धरायला मी येतो, फक्त दुपारी बोलावू नको.