रणगाड्यावरचा चिखल

लहान प्रतिकृतींचे वेड आपल्याला परके नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातल्या वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या अंगणात किल्ले उभे राहतात. दगडविटांवर गोणपाट पसरायचे, त्यावर चिखल लिंपायचा, हळीव किंवा मोहरी पेरायची आणि चार दिवसांत डोंगर हिरवा झाला की मावळे मांडायचे, हा क्रम कुणाला शिकवावा लागत नाही. भाद्रपदात गणपतीपुढे देखावे होतात. कोथरूडला १९९८ साली भाऊ जोशी यांनी सुरू केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय तर आपल्या कर्वेनगरच्या शेजारीच आहे. तेथे एक सबंध गाव आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या एका दालनात मावल्या आहेत.

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराला 'डायोरामा' म्हणतात. हा शब्द लुई दागेर याने १८२२ साली पॅरिसमध्ये उभारलेल्या प्रकाश-चित्रांच्या नाट्यगृहावरून रूढ झाला. पुढे संग्रहालयांतील त्रिमिती देखाव्यांनाही तेच नाव मिळाले. रणगाड्याची प्रतिकृती, तिच्याभोवतीची जमीन, झाडे आणि माणसे मिळून एखादा क्षण उभा करणे हा त्यातलाच एक उपप्रकार. तो कसा करावा, आणि विशेषतः त्याच्यावर धूळ, चिखल व वापराच्या खुणा कशा आणाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या खुणा आणण्याच्या क्रियेला इंग्रजीत 'वेदरिंग' म्हणतात. आपण तिला साध्या मराठीत 'मळवणे' म्हणू.

कोणता रणगाडा?

सर्वसाधारणपणे या छंदातले नवखे जर्मन रणगाड्यांकडे वळतात, कारण त्यांची मॉडेल्स सहज मिळतात. परंतु पुण्याच्या विद्यार्थ्याला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. 'पूना हॉर्स' ही पलटण १८१७ साली उभी राहिली आणि या शहराचे नाव तिने आजवर मिरवले. १९६५ च्या युद्धात तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना व १९७१ च्या युद्धात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचाच, १४ ऑक्टोबर १९५० चा. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात बसंतर नदीच्या लढाईत ते धारातीर्थी पडले तेव्हा त्यांचे वय २१ वर्षांचे होते आणि अधिकारी होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. या दोन्ही लढायांत पूना हॉर्सकडे ब्रिटिश बनावटीचे 'सेंच्युरियन' रणगाडे होते. तेव्हा आपल्या देखाव्यासाठी सेंच्युरियन घेऊ.

प्रत्यक्ष सेंच्युरियन पाहायचा तर फार लांब जावे लागत नाही. अहिल्यानगर येथे (तेव्हाच्या अहमदनगरला) १९९४ साली सैन्याच्या चिलखती दलाने रणगाड्यांचे संग्रहालय सुरू केले. पुण्याहून तेथे जाऊन एका दिवसात परत येता येते. देशोदेशीचे रणगाडे तेथे उघड्यावर रांगेने उभे आहेत. बुरुजाचा उतार, चाकांची मांडणी, पोलादी पत्र्यांचे सांधे हे सारे छायाचित्रापेक्षा तेथे अधिक नीट कळते. मात्र एक सावधगिरी हवी. संग्रहालयातला रणगाडा निगा राखून रंगवलेला असतो. त्याच्याकडून आकार शिकावा, मळ शिकू नये.

प्रमाणाचे गणित

दिवाळीच्या किल्ल्यात शिवाजी महाराजांची मूर्ती दरवाजापेक्षा उंच असते आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटत नाही. तेथे मोजपट्टी भक्तीची आहे. डायोरामाला मात्र एकच प्रमाण पाळावे लागते. रणगाड्यांसाठी १:३५ आणि १:७२ ही प्रमाणे विशेष रूढ आहेत. पैकी १:३५ या आकड्याचे मूळ गमतीचे आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचे चालते मॉडेल काढले, त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात म्हणून जो आकार सोयीचा पडला त्याचे प्रमाण १:३५ निघाले, आणि पुढे साऱ्या जगाने तेच उचलले.

सेंच्युरियनची तोफेसह लांबी सुमारे ९.८ मीटर, रुंदी ३.४ मीटर, उंची ३ मीटर. १:३५ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८, ९.७ आणि ८.६ सेंटिमीटर होतात. पावणेसहा फुटी जवान ५ सेंटिमीटरचा होतो. येथवर सारे सोपे आहे. खरे गणित पुढे आहे. ब्रशने टेकवलेला एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचा रंग उडालेला भाग. न चाळता टाकलेल्या मातीतला दोन मिलिमीटरचा खडा म्हणजे सात सेंटिमीटरचा धोंडा. म्हणूनच माती आधी चाळणीने, मग पातळ सुती कापडाने चाळून घ्यावी लागते.

वजनाचेही असेच. सेंच्युरियन सुमारे ५१ टनांचा. ३५ चा घन काढून भागले तर प्रतिकृतीचे वजन सुमारे १.२ किलो असायला हवे. प्लॅस्टिकचे मॉडेल त्याहून पुष्कळ हलके असते आणि मातीवर ठेवले तर तिच्यावर तरंगल्यासारखे दिसते. जमीन ओली असतानाच पट्टे तिच्यात दाबून बसवावेत आणि मागे उमटलेल्या ठशांच्या कडा किंचित उचललेल्या ठेवाव्यात. वजन दिसले नाही तर बाकी सारी मेहनत वाया जाते.

जोडणी आणि रंग

जोडणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मॉडेलच्या खोक्यात कृतीचा कागद असतोच. भाग कटरने सोडवावे, ओढून तोडू नयेत. सांध्यांत लांबी भरून पॉलिश पेपरने घासावे. सर्व भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावे, म्हणजे रंग धरतो. आधी गडद रंगाचा पहिला हात द्यावा आणि त्यावर ऑलिव्ह हिरवा पातळ थरांनी चढवावा, खोबणीत गडद छटा थोडी राहू द्यावी. आडव्या पृष्ठभागांवर हिरवा किंचित उजळ करावा, कारण ऊन तेथेच अधिक पडते. पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे लावण्यापूर्वी चकचकीत वॉर्निशचा हात द्यावा, नाहीतर त्यांच्या कडा चंदेरी दिसतात.

मळवण्याची कला

येथपर्यंत आपल्याकडे एक स्वच्छ खेळणे तयार झाले. रणगाडा अजून व्हायचा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत शेप पेन यांनी आणि बेल्जियममध्ये फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी या पुढच्या पायरीला कलेचे रूप दिले. आज त्यासाठी तयार द्रव आणि भुकट्या मिळतात. परंतु तंत्राआधी एक नियम ध्यानात ठेवावा : प्रत्येक डागाला कारण हवे.

कारणे शिकण्यासाठी युद्धभूमीवर जाण्याची गरज नाही. कर्वेनगरात कोठे ना कोठे बांधकाम चाललेले असतेच. तेथला जेसीबी दहा मिनिटे नीट पाहावा. बकेटची कड चांदीसारखी चमकते, कारण ती रोज मातीत घासते. चालक चढतो त्या पायरीचा रंग मधोमध गेलेला असतो, कडेला नाही. तेल भरण्याच्या झाकणाखाली काळसर ओघळ असतो आणि त्याला धूळ चिकटून तो अधिक जाड दिसतो. सपाट भागावरची धूळ पुसली जाते, बोल्टभोवतीची साचून राहते. तांबेरा मात्र आपण समजतो त्याहून फार कमी असतो, कारण चालते यंत्र गंजायला सवड देत नाही.

हीच दृष्टी सेंच्युरियनवर आणावी. त्याचे पट्टे ओतीव मँगनीज पोलादाचे होते. जमिनीला टेकणारा भाग घासून चकचकीत आणि खोलगट भाग मातीने भरलेला, असे ते रंगवावेत. सबंध पट्टा नारिंगी गंजाने माखला तर तो रणगाडा वर्षभर उभा आहे असा अर्थ होतो. इंजिन मागे आहे आणि धूर सोडणारे नळ मागच्या पंख्यांवर आहेत. काजळी तेथेच असावी, तोफेच्या मध्यावर नसावी. जवान चढतात-उतरतात त्या जागा, झाकणांच्या कडा, हत्यारे बांधण्याच्या पट्ट्यांचे कोपरे येथे रंग उडालेला दाखवावा. स्पंजचा लहान तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करावा आणि मग हलकेच टेकवावा. दहा ठिकाणी टेकवावासे वाटले तर तीन ठिकाणी टेकवावा.

खोबणींसाठी बर्न्ट अंबर हा तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पाण्याइतका पातळ करून बारीक ब्रशने सांध्यांत सोडावा आणि अर्ध्या तासाने जास्तीचा रंग वरून खाली पुसून घ्यावा. पुसण्याची दिशा महत्त्वाची, कारण पाऊस आणि दव वरून खालीच ओघळतात. चिखल शेवटी, आणि थरांनी : आधी वाळलेला फिकट, त्यावर ताजा ओला व गडद. खालच्या भागात दाट, बुरुजापर्यंत जाता जाता विरळ. ज्या चिखलात जुने-नवे कळत नाही तो चिखल खोटा दिसतो.

माती कोठली?

आता या विषयातला सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत जास्त फसवणारा प्रश्न. माती लागणार, मुठेचा काठ जवळ आहे, डबा भरून आणावा, असे कुणालाही वाटेल. परंतु आपली जमीन बेसॉल्टची. तिची माती काळी, नाहीतर मुरमाची तांबूस. बसंतर ही जम्मूकडून येऊन रावीला मिळणारी नदी. तो पंजाबचा मैदानी, गाळाचा प्रदेश. तेथली माती फिकट, करडी-तपकिरी आणि बारीक. काळ्या चिखलाने माखलेला सेंच्युरियन कितीही सुंदर झाला तरी तो सोलापूर रस्त्यावरचा रणगाडा होईल, बसंतरचा नव्हे.

ऋतूचेही तसेच. डिसेंबरातले ते युद्ध. पावसाळी हिरवळ तेथे नको. वाळके गवत हवे, आणि ते काथ्याचे बारीक तुकडे फेव्हिकॉलवर उभे रोवून चांगले होते. आपली माती चाळून, तिच्यात फिकट रंगाची भुकटी मिसळून योग्य छटा साधता येते. ती छटा कोणती हे मात्र भूगोलच सांगेल. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला या छंदात काय काम, असे विचारणाऱ्यांना येथे उत्तर मिळते. आपल्या अभ्यासक्रमातला इतिहास, भूगोल आणि चित्रकला या पाटावर एकत्र येतात, आणि तिघांपैकी एकाने चूक केली तरी ती दिसते.

कोणता क्षण?

राहिला शेवटचा प्रश्न, आणि तो तंत्राचा नाही. बसंतरच्या लढाईचा कोणता क्षण दाखवावा? खेत्रपाल यांच्या रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता'. त्याला गोळा लागून आग लागल्यावरही त्यांनी तो सोडून येण्याची आज्ञा मानली नाही, कारण तोफ अजून चालत होती. मोह होतो तो हाच क्षण घेण्याचा. कापसाचा धूर आणि लाल दिव्याची आग करणे काही अवघड नाही. गणपतीच्या देखाव्यांत ते आपण शंभरदा पाहिले आहे.

माझे मत याविरुद्ध आहे. त्या रणगाड्यात एकटे खेत्रपाल नव्हते. सेंच्युरियनमध्ये चौघे असतात. आत त्या वेळी काय चालले होते, कुणाचा चेहरा कसा होता, हे आपल्याला रंगवता येणार नाही. रंगवले तर ते आपल्या कल्पनेचे असेल आणि नाव मात्र खऱ्या माणसाचे लागेल. शिवाय पाहणाऱ्याची नजर आगीवर खिळते आणि माणूस मागे पडतो.

त्याऐवजी काही तास मागे जावे. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने नदीपलीकडे पाय रोवले. रणगाड्यांच्या वाटेत सुरुंग पेरलेले होते आणि अभियंता दलाचे जवान ते काढून मार्ग मोकळा करत होते. काम पुरे झालेले नव्हते, तरी पलीकडच्या पायदळाची निकड ओळखून पूना हॉर्सचे रणगाडे त्या वाटेने निघाले. आपल्या पाटावर एवढेच असावे : फिकट माती, वाळके गवत, मोकळ्या केलेल्या अरुंद वाटेच्या दोन्ही कडांच्या खुणा, आणि त्यांच्या मधोमध, पाटाच्या कडेला समांतर नव्हे तर किंचित तिरका, पुढे सरकणारा एक सेंच्युरियन. पुढची जमीन मुद्दाम रिकामी सोडावी. त्या रिकाम्या जमिनीखाली काय आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असले की आगीची गरज उरत नाही.

बुरुजावर नाव घालावे का? 'फामागुस्ता' ही अक्षरे लिहिली की तो पूना हॉर्सचा कुठलाही सेंच्युरियन राहत नाही, तो एकच होतो. मग त्याचा क्रमांक, चिन्हे, बाजूचे पत्रे होते की काढलेले होते, ही प्रत्येक गोष्ट त्या काळच्या छायाचित्रांवरून पडताळावी लागते. तेवढा पुरावा हाती असेल तर नाव जरूर लिहावे. नसेल तर बुरुज कोरा ठेवावा आणि खाली पाटीवर 'पूना हॉर्सचा एक सेंच्युरियन, बसंतर, डिसेंबर १९७१' एवढेच लिहावे. त्यात कमीपणा नाही.

या छंदाला पोरखेळ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मळवलेला रणगाडा त्यांच्या हाती द्यावा आणि एखाद्या डागावर बोट ठेवून 'हा येथे का?' असे त्यांना विचारू द्यावे. ज्याला प्रत्येक डागाचे कारण सांगता येते, त्याने त्या लढाईचा अभ्यास केला आहे असे समजायला हरकत नाही. ज्याला सांगता येत नाही, त्याने मॉडेल पुन्हा टर्पेंटाइनने पुसून घ्यावे. तैलरंगाचा हा मोठा गुण आहे की तो बराच वेळ ओला राहतो आणि दुरुस्तीला सवड देतो.