स्टॉकहोम : जिथे हिशेब दिवसांचा चालतो

मेलारन सरोवर जिथे बाल्टिक समुद्राला मिळतं, तिथे चौदा बेटांवर हे शहर पसरलं आहे. गामला स्तान या जुन्या भागातल्या अरुंद गल्ल्या, १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं वासा जहाज, नोबेलची मेजवानी जिथे होते तो सिटी हॉल, हे सगळं तुम्ही पाहालच. पण कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एखाद्या बागेतही जाऊन बसा. तरणेताठे बाप बाबागाडी ढकलत निवांत कॉफी पीत हिंडताना दिसतील. त्यांची नोकरी गेलेली नाही. ते सरकारी खर्चाने रजेवर आहेत. बाबागाडी घेऊन चढणाऱ्याला इथल्या शहर बसमध्ये तिकीटही पडत नाही. (मेट्रोत पडतं, सांभाळा!)

मातृत्व रजेऐवजी आईबाप दोघांना पालक विमा देणारा स्वीडन हा पहिला देश, साल १९७४. म्हणून पुरुष लगेच रजा घेऊ लागले असं नाही. सरकारने १९७८ मध्ये दणकट वेटलिफ्टर लेनार्ट डालग्रेनच्या हातात तान्हं बाळ देऊन पोस्टर छापलं. माझ्या मते खरा परिणाम झाला तो १९९५ नंतर, एकेका पालकासाठी महिना राखीव झाला तेव्हा. घेतला नाही तर बुडाला! आज असे ९० दिवस प्रत्येकाचे राखीव आहेत.

एका बाळामागे एकूण ४८० दिवस. त्यातले ३९० पगाराच्या प्रमाणात, उरलेले ९० रोजी १८० क्रोनरच्या ठरीव दराने. पगाराचं गणित असं : वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्याला ०.९७ ने आणि मग ८० टक्क्यांनी गुणायचं, ३६५ ने भागायचं. महिना ४०,००० क्रोनर पगार असेल तर दिवसाला साधारण १,०२० क्रोनर, तेही कर कापण्याआधी. उत्पन्नाला कमाल मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती वर्षाला ५,८८,००० होती, म्हणजे कितीही पगार असला तरी त्या वर्षी रोजी १,२५० च्या वर काही मिळत नव्हतं. बऱ्याच कंपन्या कामगार करारानुसार वर थोडी भर घालतात. ते नोकरी घेतानाच विचारून ठेवावं.

आपल्या मंडळींची गाडी अडते ती २४० दिवसांच्या अटीवर. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी सलग २४० दिवस इथे कमाई झालेली नसेल, तर पहिल्या १८० दिवसांना रोजी फक्त २५० क्रोनर. पुण्याहून नुकत्याच आलेल्या जोडप्याने हे कॅलेंडर आधीच पाहिलेलं बरं. मूल भारतातून सोबत आलं असेल तर दिवसही घटतात : वयाच्या दुसऱ्या वर्षात आलेल्याला २००, त्यानंतर आलेल्याला १००.

आठवड्याचे सातही दिवस पैसे घेतले पाहिजेत असं नाही. कमी दिवस घेऊन रजा लांबवणारे पुष्कळ. मात्र मूल वर्षाचं झाल्यावर पूर्ण रजेत आठवड्याला पाच दिवस घेतले नाहीत, तर पुढच्या आजारपणाच्या भत्त्याचा पायाच खाली येऊ शकतो.

जुलै २०२४ पासून आईबापांपैकी प्रत्येकाला आपले ४५ दिवस दुसऱ्या कोणाला देता येतात. आजीला द्यावेत असं कोणाच्याही मनात येईल. पण घेणाऱ्याचा विमा स्वीडनमध्ये असावा लागतो, आणि आपल्या आज्या येतात त्या पाहुण्यांच्या व्हिसावर, डिंकाचे लाडू घेऊन, बिनपगारी.